उभं राहिलेलं विमान

विमान घ्यायचं ठरवलं त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी एकही विमान घेतलेलं नाही आणि तेव्हा जी बघितली होती ती सगळी आज तेव्हापेक्षा महाग आहेत. ही दोन वाक्यं घरात एकापाठोपाठ उच्चारायची नाहीत, असा आमचा न बोलता झालेला करार आहे. नवऱ्याने तो एकदाच मोडला. "अगं, तेव्हाच घेतलं असतं तर?" एवढंच म्हणाला, आणि पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी मोजकंच बोलले.

‘विमान घेतेय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिडी, चामड्याच्या खुर्च्या असलं काहीतरी येतं. मी बघतेय त्या विमानांचं दार लावताना जुन्या मोटारीच्या दारासारखा पत्र्याचा आवाज होतो. आत वाकून शिरावं लागतं. पावसात छतातून एखादा थेंब नेमका गुडघ्यावर पडतो. आणि यातली बरीचशी माझ्याहून वयाने मोठी आहेत.

वय मोठं असण्याचं आणि भाव चढण्याचं कारण एकच. १९७८ साली अमेरिकेत सतरा हजारांहून जास्त छोटी विमानं तयार झाली. त्यानंतर हा धंदा असा बसला की १९८६ मध्ये सेस्ना या कंपनीने एका इंजिनाची पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. अपघातानंतर निर्मात्यावर होणारे दावे हे त्यामागचं एक मोठं कारण. तीस वर्षांपूर्वी विकलेलं, मधे चार हातांतून गेलेलं विमान पडलं तरी कोर्टात कंपनीच उभी. १९९४ मध्ये तिथे कायदा झाला आणि या दाव्यांना साधारण अठरा वर्षांची मुदत लागली, मग १९९६ पासून तिचं चार सीटचं सेस्ना १७२ पुन्हा बनू लागलं. पण नवं विमान इतकं महाग, की माझ्यासारखीने त्याचं माहितीपत्रक वाचावं आणि घडी घालून ठेवावं. म्हणजे खरा साठा तो सत्तरच्या दशकातलाच. त्यातली दरवर्षी काही आपटतात, काही गंजतात, काहींचे सुटे भाग होतात. नव्याने भर पडते ती चिमूटभर. तळ्यात पाणी येणं बंद झालंय आणि काठावर माणसं वाढताहेत. मग भाव चढणार नाही तर काय?

हे सगळं कळत होतं, तरी सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. आधी स्वप्न बघितलं. चौघं जण, सामान, लांबचा पल्ला. त्या स्वप्नात बीचक्राफ्ट बोनान्झा होतं. १९४५ च्या डिसेंबरात पहिल्यांदा उडालेलं आणि आजही देखणं दिसणारं विमान. ते खिशाबाहेर गेल्यावर मूनी आलं. त्याचं एक मॉडेल दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनावर ताशी २०१ मैलांचा वेग गाठायचं, म्हणून त्याचं नावच ‘२०१’ पडलं. विमानांच्या जगात असल्या आकड्यांवर माणसं प्रेमात पडतात. मीही पडले.

मग एका रात्री माझंच लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, काढलं. दुसऱ्यांच्या विमानांची लॉगबुकं मी भिंग लावून वाचत होते, स्वतःचं कधी त्या नजरेने वाचलं नव्हतं. तीन वर्षांत ११२ उड्डाणं, सगळी भाड्याच्या विमानातली. ७१ वेळा मी एकटी. ३६ वेळा शेजारी कोणीतरी, बहुतेक वेळा नवरा, तोही अर्धा वेळ झोपलेला. मागच्या सीटवर माणूस बसला ती उड्डाणं पाच. आणि नेहमीचा सगळ्यांत लांबचा पल्ला तीनशे किलोमीटरचा. मूनीने तो तासाभरात झाला असता, १७२ ला दीड तास लागतो. म्हणजे आत ओढून घेता येणारी चाकं, पात्यांचा कोन बदलता येणारा प्रॉपेलर, त्या दोहोंची देखभाल आणि वर चढा विमा, हे सगळं कशासाठी, तर अर्धा तास लवकर पोचण्यासाठी. आणि पोचून मी करते काय? चहा पिते आणि परत येते.

खरं सांगायचं तर थोडं अपमानित झाल्यासारखं वाटलं. तीन वर्षांचा हिशेब असा चार ओळींत मावला.

मग दोन सीटचं सेस्ना १५० घ्यावं, असं सरळ उत्तर निघतं. स्वस्तात उडतं, शंभर अश्वशक्तीचं साधं इंजिन, त्याला काय होतं ते प्रत्येक मेकॅनिकला पाठ. पण नवरा आणि मी त्यात शेजारी बसलो की एकाला दंड दुसऱ्याच्या मागे घालावा लागतो. टाक्या भरून आम्ही दोघं आणि एक बॅग एवढ्यात वजनाची मर्यादा जवळ येते. एकटीसाठी छान. ७१ उड्डाणं त्याच्या बाजूने होती, ३६ विरोधात. बराच काळ मी त्या ७१ च्या बाजूने होते.

चार सीटच्या विमानात चार माणसं बसतात हाही एक गोड गैरसमज. १९७० च्या दशकातल्या १७२ चं कमाल वजन १०४३ किलो. मी बघितलेल्या एकाचं रिकामं वजन ६४९. उरले ३९४. टाक्यांतलं वापरता येण्याजोगं पेट्रोल १४४ लिटर, म्हणजे जवळपास १०४ किलो. उरले २९०. मी, नवरा, दीर आणि जाऊबाई मिळून ३०६. दिराला हा हिशेब दाखवला तर तो म्हणाला, "मग मी जेवून येत नाही." सोळा किलो! पेट्रोल कमी भरलं की प्रश्न सुटतो, आणि तोच या विमानांचा स्वभाव आहे. माणसं, सामान, पल्ला यातलं काहीतरी प्रत्येक वेळी मागे ठेवूनच निघायचं.

मग उरल्या दोनच जाती, सेस्ना १७२ आणि पायपर चेरोकी. पंख वर की पंख खाली. या विषयावर पायलट मंडळी रात्र काढू शकतात, मी चार ओळींत आटपते. चेरोकीचा पंख खाली असल्याने पेट्रोल इंजिनापर्यंत चढवायला पंप लागतो, आणि डावी टाकी की उजवी हे आपणच आठवणीने बदलत राहायचं. १७२ मध्ये टाक्या डोक्यावर, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, आणि खटका ‘दोन्ही’वर ठेवला की झालं. चेरोकीला दार एकच, तेही उजवीकडे, म्हणजे पायलटने आधी आत सरकायचं आणि संकटात सगळ्यांत शेवटी बाहेर यायचं. पण वाऱ्यात उतरताना चेरोकी जमिनीला जशी अंग टेकते तशी १७२ टेकत नाही, हेही खरं. किंमतही जरा कमी पडते. २०१८ मध्ये त्याच घराण्यातल्या एका प्रशिक्षण विमानाचा पंख उड्डाणातच तुटला आणि दोघं गेले. मूळ कारण धातू थकून पंखाच्या मुख्य तुळईत पडलेली चीर. त्यानंतर अशा विमानांच्या तुळईच्या बोल्टांची भोकं एडी करंटने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने बारीक चिरा शोधायच्या पद्धतीने, तपासायचा आदेश निघाला. तपासणी झाली असेल तर मला त्याची भीती नाही. फक्त कागद हवा.

शेवटी मी १७२ कडे झुकले ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने, आणि गंमत म्हणजे तेच कारण मला १७२ बद्दल घाबरवतंही. माझी उंची. चेरोकीत बसले की मला नाकापुढचं फारसं दिसत नाही. १७२ ची सीट, त्यातल्या काहींत तरी, वर करता येते. पण ती पुढेही घ्यावी लागते, आणि १७२ च्या सीटची एक जुनी गोष्ट आहे. सीट दोन रुळांवर सरकते. रुळांना ओळीने भोकं असतात आणि सीटखालची पिन त्यातल्या एका भोकात बसते. वर्षानुवर्षं पिन घासून भोक गोलाचं लांबट होतं, पिनेचं टोक बोथटतं. मग नाक वर करून विमान चढत असताना सीट खटकन मागे जाते, पायलटचा हात चक्राला धरलेला असतोच, चक्रही मागे ओढलं जातं, नाक आणखी वर. जमीन अजून हाकेच्या अंतरावर. या प्रकाराने माणसं मेली आहेत. म्हणून १९८७ मध्ये हे रूळ मापून बघण्याचा सक्तीचा आदेश निघाला आणि तो आजही वेगळ्या रूपात लागू आहे. माझ्यासारखी बुटकी बाई सीट अगदी पुढे घेते, म्हणजे मागे सरकायला सगळ्यांत जास्त जागा मला. त्यामुळे कुठलंही १७२ बघायला गेले की मी आधी गुडघ्यावर बसते आणि बॅटरी घेऊन रुळांची भोकं बघते. विकणारे चक्रावतात. त्यांना वाटतं मी काहीतरी शोधतेय जे खाली पडलंय.

पहिलं विमान आम्ही जवळपास घेतलंच होतं. १९७८ चं, पांढऱ्यावर गर्द निळ्या पट्ट्या, आत नवे पडदे – होय, जुन्या मॉडेलांत पडदेही सापडतात – आणि जुन्या डायलांच्या जागी नव्या काचेच्या दोन स्क्रीन. इंजिनाचं ओव्हरहॉल होऊन फक्त २१० तास झालेले. अशा इंजिनाला निर्माता २००० तासांनी ओव्हरहॉल करायला सांगतो. माझ्या डोक्यात गणित तयार होतं. २१० गेले, १७९० शिल्लक, वर्षाला चाळीस तास उडाले तर मला पुरून उरेल.

ज्या मेकॅनिकला मी सोबत नेलं होतं तो सत्तरीचा, आवाज न चढवणारा माणूस. त्याने विमानाकडे बघितलंच नाही. खुर्ची ओढली आणि लॉगबुक घेऊन बसला. पानं मागून पुढे उलटत गेला. मग एका पानावर बोट ठेवून मला म्हणाला, "या वार्षिक तपासणीपासून पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत किती तास झाले बघा."

सहा.

त्याच्या आधीच्या वर्षी नऊ. त्याच्या आधी चार. अठरा वर्षांत २१० तास.

"हे विमान उडालेलं नाही, उभं राहिलंय," तो म्हणाला. आणि मग त्याने मला जे समजावलं ते मला लायसन्स घेताना कोणी शिकवलं नव्हतं. लायकमिंग कंपनीच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, असतो वरच्या बाजूला, क्रँकशाफ्टच्या डोक्यावर. इंजिन बंद केलं की तेल खाली निथळतं. आठवडा, दोन आठवडे, महिना. कॅमशाफ्ट कोरडा पडतो, आतल्या दमट हवेने त्यावर गंजाचे बारीक ठिपके येतात. मग कधीतरी रविवारी मालक येतो, इंजिन चालू करतो, जागेवरच दहा मिनिटं फिरवतो आणि समाधानाने घरी जातो. दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, आतलं पाणी उडून जात नाही, उलट भर पडते. त्या ठिपक्यांवरून टॅपेट, म्हणजे कॅमशाफ्टचा रेटा झडपांकडे पोचवणारे खुंटे, फिरायला लागले की कानशीने घासल्यासारखं होतं, आणि तो चुरा तेलातून सगळ्या इंजिनभर. त्यातून १९७७ ते १९८० च्या १७२ मधल्या इंजिनाचं जे विशिष्ट मॉडेल आहे, ते कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या झिजेसाठी आधीच बदनाम. म्हणजे मी ज्याला ‘फक्त २१० तास’ म्हणून कवटाळत होते, तो त्या इंजिनाचा आजार होता.

आम्ही विचारलं, एक सिलिंडर उतरवून कॅमशाफ्ट बघू देता का, खर्च आमचा. मालक म्हणाला, "या भावात रांग लागलीय. बघायचं तर असंच बघा." आठवड्याच्या आत ते विकलं गेलं, आणि घेणाऱ्याने सिलिंडर उतरवायला सांगितलं नव्हतं. चढत्या भावाने मला सगळ्यांत जास्त कुठे नाडलं असेल तर ते इथे. पैसे जास्त द्यावे लागतात हे एक वेळ सोसता येतं. पण तपासायचा हक्कच निघून जातो. ‘बघून सांगते’ म्हणणाऱ्या माणसाला कोणी उभं करत नाही.

त्यानंतर बरीच बघितली. एकाची लॉगबुकं ‘घर बदलताना गहाळ’. एकाच्या पंखाखाली टाकीच्या जोडाशी निळा डाग होता. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो, त्यामुळे गळतं कुठून हे विमान स्वतःच सांगतं. एकाच्या शेपटात उंदराचं घरटं निघालं. उंदराच्या मुताने अॅल्युमिनियमला भोकं पडतात, हे ज्ञान मला त्या दिवशी वासासकट मिळालं. एका ठिकाणी मेकॅनिक पंखावरून तळहात फिरवत चालला होता, अचानक थांबला. रिव्हेटांच्या एका ओळीमागे काळ्या रेघा उमटल्या होत्या, प्रत्येकीची टोकं मागच्या दिशेला. रिव्हेट सैल झाला की पत्र्यात हलत राहतो, घासून अॅल्युमिनियमची काळी भुकटी होते आणि वारा ती मागे ओढतो. "धूर काढणारे रिव्हेट म्हणतात यांना," तो म्हणाला. वरून नवा रंग होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मधल्या काळात भाव आणखी चढले. मीही बदलत गेले. आधी मी विमानाचा फोटो बघायची, मग तास बघायला लागले, मग दोन नोंदींमधलं अंतर. सलग नोंदींचं लॉगबुक वाचताना माणूस दिसायला लागतो. कोणी दर पन्नास तासांनी न चुकता तेल बदललंय. कोणी टायरसुद्धा तपासणीच्या आदल्या दिवशीच. काचेच्या स्क्रीन पैसे टाकून कधीही बसवता येतील, गेल्या वीस वर्षांतले शनिवार-रविवार बसवता येत नाहीत.

सध्या ज्या विमानाची बोलणी चालू आहेत ते १९७४ चं १७२. रंग म्हणावा तर पिवळट, उन्हाने उडालेला. डायल सगळे जुने, सुयांचे. शरीराचे एकूण तास नऊ हजारांवर, ऐकूनच बहुतेक गिऱ्हाईक फोन ठेवतं. इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर १७५० तास, म्हणजे कागदावर आयुष्य संपत आलेलं. पण तिघा भागीदारांनी ते आठवड्यातून दोनदा तरी उडवलेलं. महिनाभर जमिनीवर होतं अशी नोंद मला फक्त एका जागी सापडली, आणि तेव्हा प्रॉपेलर ओव्हरहॉलला गेला होता. २००० तास हा निर्मात्याचा सल्ला असतो. खासगी मालकाला अनेक देशांत तो पाळायची सक्ती नाही, इंजिन तब्येतीने बरं असेल तर ते त्यापुढेही चालतं. आणि नाहीच चाललं तर ओव्हरहॉल माझ्या डोळ्यांदेखत होईल. किंमत ठरवताना मी इंजिनाची किंमत शून्य धरली. भागीदारांपैकी एकाला ते लागलं. "शून्य कसं? रोज चालतंय की!" म्हणाला. मला त्याचा राग आवडला.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे, ती जुनेपणामुळेच. दीडशे अश्वशक्तीचं हे इंजिन कमी कॉम्प्रेशनचं, ८० ऑक्टेनच्या काळात बनलेलं. विमानांच्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं, आणि ते दिवस भरत आलेत. युरोपीय संघात शिशाचा तो घटक १ मे २०२५ पासून खास परवानगीशिवाय वापरता येत नाही, अमेरिकेने २०३० अखेरचं लक्ष्य ठेवलंय. नव्या, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांची त्यामुळे झोप उडालीय, या म्हाताऱ्याला बिनशिशाचं कमी ऑक्टेनचं पेट्रोलही चालतं. त्यासाठी कागदोपत्री मंजुरी लागते, ती मिळते.

नवऱ्याला अजून ती निळ्या पट्ट्यांची सुंदरी आठवते. "हिला निदान रंग तरी देशील ना?" असं त्याने विचारलं. ‘हिला’ म्हणाला, म्हणजे तोही निम्मा आलाच. जागेचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, इंजिनासाठी तासागणिक बाजूला टाकायची रक्कम, असं सगळं मी त्याला मांडून दाखवलंय. यातलं बरंचसं मी वर्षाला दहा तास उडवलं काय नि ऐंशी काय, तेवढंच लागणार. भागीदार घे, असं तो म्हणतो. मला आधी ते मानहानीचं वाटायचं. आता वाटतं की दोघी-तिघी असू तर विमान उभं तरी राहणार नाही.

परवा आम्ही त्यात तासभर उडून आलो. सीटचे रूळ मी आधीच बघून घेतले होते, सगळी भोकं गोल. चढताना ते जरा सुस्त होतं, वर गेल्यावर शहाण्यासारखं वागलं. उतरल्यावर मेकॅनिकने गरम तेल काढलं, फिल्टर सोडवला आणि हँगरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्याचा डबा कातरला. आतली कागदाची घडीदार माळ सुरीने कापून घेतली, शिकंज्यात दाबून तेल पिळून काढलं आणि पांढऱ्या फडक्यावर लांब पसरली. वर दिवा ओढला. चुण्यांमध्ये काळे कण चमकत होते. माझ्या पोटात गोळा आला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घातला आणि पहिल्या चुणीपासून हळूहळू सरकवत निघाला.

"हा कार्बन," तो म्हणाला. "चिकटत नाही."

निम्मी माळ झाली होती. तिघं भागीदार दारात उभे होते, आत कोणी येत नव्हतं. त्याने चुंबक उचलला, दिव्याकडे धरला, पुन्हा खाली ठेवला आणि पुढची चुण उघडली.